विनोदाची जपणूक : जुन्या दूरचित्रवाणी-मालिका आणि घरगुती संग्रह

कामगार-संघटनेचा कार्यकर्ता विनोदी मालिकांविषयी काय सांगणार, अशी शंका पुष्कळांना येईल. आमच्याकडून वेतनकरार, बोनस, किमान वेतन यांवरच्या भाषणाची अपेक्षा असते आणि ती गैर नाही. परंतु थोडा विचार केला तर दिसेल की, दूरचित्रवाणीवरची मालिका ही एका कारखान्यातली तयार वस्तूच आहे. लेखक ती लिहितो, नट ती उभी करतो, सुतार देखावा बांधतो, शिंपी कपडे शिवतो, कोणी दिवे लावतो, कोणी कॅमेरा ओढतो. मग ही वस्तू मालकीची कोणाची, ती दुसऱ्यांदा विकली गेली तर पैसा कोणाच्या पदरात, आणि मालकाच्या दृष्टीने तिचे काम संपले म्हणजे तिची विल्हेवाट कशी लागते, हे सारे प्रश्न आमच्याच धंद्यातले आहेत. म्हणून हा विषय आम्ही आपण होऊन निवडला.

प्रथम शब्दांचा अर्थ ठरवू. इंग्रजीत जिला सिटकॉम म्हणतात, ती प्रसंगनिष्ठ विनोदाची मालिका. तीच पाच-सहा माणसे, तेच घर किंवा तीच कचेरी, दर आठवड्याला नवा पेच आणि अर्ध्या तासात त्याचा उलगडा, अशी तिची बांधणी असते. चि. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने अवतरले, ते ज्यांनी पाहिले त्यांना अधिक सांगणे नको. अशा मालिकांच्या कॅसेटी किंवा तबकड्या विकत घेऊन, अथवा घरीच नोंदवून, फळीवर क्रमाने लावून ठेवणारे लोक जगभर आहेत. शेजारीपाजारी त्यांना छंदिष्ट म्हणतात. आमच्या मते त्यांनी एक सार्वजनिक काम अंगावर घेतले आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी आम्ही इंग्लंड-अमेरिकेतली उदाहरणे घेणार आहोत. कारण हरवण्याचा आणि जपण्याचा इतिहास तिथे सर्वांत स्पष्ट वाचता येतो.

आमचा या मालिकांशी संबंध कसा आला तेही सांगतो. शाळेत आमचे शिक्षण फार झाले नाही. 1980 च्या दशकात व्हिडिओ लायब्ररीतून एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणण्याची पद्धत होती. हिंदी चित्रपटांच्या कॅसेटींबरोबर कधी कधी ‘माइंड युवर लँग्वेज’ ही लंडनची मालिका यायची. 1977 ते 1979 या काळात निघालेली ही मालिका परदेशी माणसांच्या इंग्रजीच्या वर्गावर आहे. पुढे 1993 मध्ये ‘जबान संभाल के’ हा तिचा हिंदी अवतार निघाला. वर्गात एक शीख, एक पाकिस्तानी, एक हिंदुस्थानी बाई असे विद्यार्थी होते. तिच्यातला विनोद अनेकदा आपल्याच लोकांची टिंगल करणारा होता, हे आम्हांला तेव्हाही कळत होते. तरी फीत मागे घेऊन तेच वाक्य पुनःपुन्हा ऐकता येत होते, आणि असा न रागावणारा मास्तर आम्हांला आधी मिळाला नव्हता.

फीत आणि पाटी

आता मूळ मुद्द्याकडे वळू. जुन्या मालिका हरवल्या कशा? आग, पूर, चोरी यांमुळे नव्हे. बहुतांश त्या ठरवून पुसल्या गेल्या.

प्रारंभी दूरचित्रवाणीचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित होई, आणि झाला की हवेत विरून जाई. तो टिकवायचा तर पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून त्याचे चित्रण करावे लागे. 1956 साली अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर चित्र नोंदवणारे यंत्र आणले. चित्रपटाची फिल्म आणि ही फीत यांतला भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. फिल्मवर प्रकाशाने रासायनिक क्रिया होते. एकदा उमटलेली प्रतिमा पुसून त्याच फिल्मवर दुसरी उमटवता येत नाही. चुंबकीय फीत मात्र शाळेतल्या पाटीसारखी आहे. पुसा आणि पुन्हा लिहा.

फीत महाग होती. पाटी महाग असली की मास्तर ती पुसायलाच लावणार. ब्रिटनच्या बीबीसीने आणि तिथल्या खाजगी कंपन्यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत असंख्य कार्यक्रम पुसले. फितींना जागा लागे. 1960 च्या दशकाच्या शेवटी रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा काळ्यापांढऱ्या मालिकांना गिऱ्हाईक उरणार नाही असा हिशेब झाला. घरात बसून जुनी मालिका विकत घेऊन पाहणारा प्रेक्षक पुढे निर्माण होईल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ‘हँकॉक्स हाफ अवर’ आणि ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या एके काळी घराघरांत पाहिल्या गेलेल्या मालिकांचे अनेक भाग आज उपलब्ध नाहीत, त्याचे कारण हे.

त्यांतच एक मालिका आमच्या विशेष जिव्हाळ्याची आहे : ‘द रॅग ट्रेड’. 1961 ते 1963 या काळात ती बीबीसीवर झाली. लंडनमधला एक लहानसा कपडे शिवण्याचा कारखाना, तिथल्या शिलाई-कामगार बाया, त्यांचा मालक आणि मधल्यामध्ये सापडलेला मुकादम. मिरियम कार्लिन या नटीने त्यातल्या पॅडी नावाच्या युनियन-प्रतिनिधीचे काम केले. जरा काही बिनसले की पॅडी शिट्टी फुंकते आणि सगळ्याजणींना यंत्रांवरून उठवते. हा विनोद आमच्या चळवळीवर आहे, यात शंका नाही. क्षुल्लक कारणावरून संप करणारे लोक, असे आमचे चित्र त्यात आहे. तरीही आम्ही म्हणतो की तिची प्रत्येक फीत जपायला हवी होती. कारण शिलाईयंत्रावर बसलेली, हिशेबात पक्की आणि जिभेने तिखट अशी कामगार स्त्री दर आठवड्याला लाखो घरांत नेणाऱ्या मालिका त्या काळात कितीशा होत्या? आपली थट्टा करणारा कागदही कामगारांच्या इतिहासाचाच कागद असतो. या मालिकेचेही काही भाग नाहीसे झाले. जे उरले ते पुढे तबकडीवर आले.

लुसीचा करार

याच्या उलट अमेरिकेतली ‘आय लव्ह लुसी’. ती 15 ऑक्टोबर 1951 रोजी सुरू झाली, म्हणजे वर सांगितलेल्या साऱ्या मालिकांच्या आधी. वयाने थोरली, पण तिचे भाग स्वच्छ आणि ठसठशीत चित्रासह आजही पाहता येतात. हे कसे घडले?

लुसिल बॉल आणि तिचा पती देसी आर्नाझ यांना हॉलिवुड सोडून न्यूयॉर्कला जायचे नव्हते. त्या वेळी बहुसंख्य प्रेक्षक पूर्वेकडे होते. हॉलिवुडहून थेट कार्यक्रम केला तर पूर्वेला पडद्यावरून चित्रित केलेली धूसर प्रत पोहोचली असती, आणि ती तंबाखूच्या कंपनीला, म्हणजे पुरस्कर्त्याला, मान्य नव्हती. तेव्हा देसीने तोड काढली : मालिका 35 मिलिमीटरच्या फिल्मवर, प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेरे लावून चित्रित करायची. खर्च वाढणार होता. तो भरून काढण्यासाठी नवराबायकोने कमी मेहनताना पत्करला. परंतु बदल्यात चित्रित भागांची मालकी आपल्या देसीलू कंपनीकडे ठेवली. त्या घडीला या मालकीची किंमत कोणालाच फारशी वाटली नव्हती. पुढे पुनःप्रक्षेपणे सुरू झाली आणि ती मालकी सोन्याची खाण ठरली.

वेतनवाढीच्या वाटाघाटीत तरुण कार्यकर्ते केवळ या महिन्याच्या पगाराकडे पाहतात, तेव्हा आम्ही त्यांना ही गोष्ट सांगतो. आज हातात काय पडते एवढेच पाहू नये. केलेल्या कामावर उद्या हक्क कोणाचा, हेही पाहावे. लुसीची फिल्म टिकली, कारण ती टिकण्यात तिच्या मालकांचा फायदा होता, आणि मालक स्वतः काम करणारेच होते.

उकिरड्यातून परत आलेले

सगळ्यांचे नशीब लुसीसारखे नव्हते. पुष्कळ गोष्टी वाचल्या त्या कोणा एकाने जवळ प्रत ठेवली म्हणून.

‘स्टेप्टो अँड सन’ ही लंडनमधल्या भंगार गोळा करणाऱ्या बापलेकांची मालिका. 1970 मधले तिचे भाग रंगीत होते, आणि त्यांच्या मूळ फिती पुसल्या गेल्या. परंतु रे गाल्टन आणि अॅलन सिम्पसन या लेखकांसाठी शिबादेन नावाच्या लहान यंत्रावर काळ्यापांढऱ्या प्रती काढून ठेवल्या होत्या. त्या वर्षाचे बहुतेक भाग आज त्या प्रतींच्या रूपानेच पाहायला मिळतात. रंग गेला, काम उरले.

‘डॅड्स आर्मी’ ही दुसऱ्या महायुद्धातल्या गृहरक्षक दलावरची मालिका 1968 ते 1977 अशी चालली. तिचे 80 भाग झाले. दुसऱ्या वर्षीचे पाच भाग हरवले होते. त्यांपैकी दोन भागांच्या फिल्म एका स्टुडिओबाहेरच्या कचऱ्याच्या पेटीतून कोणी तरी उचलून घरी नेल्या होत्या. त्या 2001 साली परत आल्या. उरलेल्या तिघांच्या चित्रांचा अजून पत्ता नाही. याच मालिकेच्या दुसऱ्या एका भागाची रंगीत फीत गेली होती, काळीपांढरी फिल्म तेवढी होती. त्या फिल्मवर रंगाच्या विद्युत्-संकेताचे बारीक ठिपके उमटून राहिले होते. डोळ्यांना ते दोष म्हणून दिसत. तंत्रज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने त्या ठिपक्यांचे वाचन करून मूळ रंग परत मिळवला, आणि तो भाग 2008 साली पुन्हा रंगीत दाखवला गेला.

‘आय लव्ह लुसी’चा 1951 चा अगदी पहिला, नमुन्यादाखल केलेला भाग कित्येक वर्षे हरवला असेच समजत होते. त्यात काम केलेल्या पेपिटो पेरेझ या विदूषकाच्या विधवा पत्नीने त्याची प्रत घरी जपली होती. 1990 साली तो भाग जनतेला दाखवण्यात आला. जॅकी ग्लीसनने ‘द हनीमूनर्स’मधला बसचालक रंगवला; या बसचालकाचे दूरचित्रवाणीवरचे जुने प्रवेश ग्लीसनने स्वतःच्या तिजोरीत ठेवले होते, ते त्याने 1985 साली बाहेर काढले.

बॉब मंकहाउस या ब्रिटिश विनोदी नटाचे उदाहरण वेगळे आहे. त्याने चित्रपटांच्या फिल्म आणि व्हिडिओफिती यांचा प्रचंड संग्रह केला होता. फिल्मच्या प्रती बाळगल्याबद्दल वितरकांची फसवणूक केल्याचा आरोप ठेवून 1979 साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात त्याच्यावर खटला चालला. तो निर्दोष सुटला. 2003 साली तो वारला. त्यानंतर त्याचा संग्रह तपासला गेला, तेव्हा अन्यत्र कोठेही नसलेल्या अनेक कार्यक्रमांच्या प्रती त्यात सापडल्या. ज्याच्यावर फसवणुकीचा आरोप झाला, तोच राखणदार निघाला.

युनियनचा दोष किती?

इथे एक अवघड प्रश्न येतो. तो टाळणे आमच्यासारख्याला शोभणार नाही. ब्रिटनमध्ये नटांची संघटना इक्विटी आणि वादकांची संघटना यांनी मालकांशी जे करार केले, त्यांत कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. भीती रास्त होती : जुन्याच फिती फिरत राहिल्या तर नव्या कामाला कोण बोलावणार? परंतु परिणाम असा झाला की, पुन्हा दाखवण्याची मुदत संपलेली फीत मालकाच्या लेखी निरुपयोगी ठरली आणि ती पुसायला आणखी एक कारण मिळाले. ‘युनियनमुळे इतिहास पुसला गेला’ असे म्हणणारे लोक आहेत.

आमचे उत्तर असे. पुन्हा दाखवण्यावर बंधन घालणे वेगळे आणि पुसून टाकणे वेगळे. बंधन संघटनेने घातले. पुसण्याचा निर्णय मालकाचा होता आणि तो फितीच्या किमतीसाठी होता. इतके सांगून मात्र आम्ही हात झटकणार नाही. केलेल्या कामाची एक प्रत कायम जपली जावी, असे कलम मागणेही संघटनांचेच कर्तव्य होते. भाकरीची मागणी करताना भाकरी करणाऱ्याच्या हाताची आठवण राहावी, हीही मागणीच आहे.

अमेरिकेतल्या संघटनांनी दुसरी वाट धरली. दाखवा, पण प्रत्येक वेळी मोबदला द्या. 1960 साली तिथल्या लेखकांनी आणि नटांनी याच प्रश्नावर संप केले. आरंभी पहिल्या काही पुनःप्रक्षेपणांपुरताच मोबदला मिळे. म्हणून 1960 च्या दशकातल्या ‘गिलिगन्स आयलंड’सारख्या मालिकेतल्या नटांचे चेहरे दशकानुदशके पडद्यावर राहिले, तरी त्यांच्या हाती पुढे काही पडले नाही. कायमचा मोबदला 1970 च्या दशकातल्या करारांनी आला. आपल्याकडेही 2012 सालच्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने चित्रपटातल्या लेखक-संगीतकारांना मोबदल्याचा असा हक्क दिला, जो कराराने काढून घेता येत नाही.

कॅसेट, तबकडी आणि चार सेंट

1975 साली सोनी कंपनीचे बीटामॅक्स आणि 1976 साली जेव्हीसीचे व्हीएचएस यंत्र बाजारात आले आणि प्रत्येक घर हे छोटे संग्रहालय होऊ शकले. चित्रपट-कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतली. 1984 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, नंतर सवडीने पाहण्यासाठी घरी कार्यक्रम नोंदवणे बेकायदा नाही. ज्या यंत्राला कंपन्या आपला काळ समजत होत्या, त्याच यंत्राच्या कॅसेटी विकून पुढे त्यांनी अमाप पैसा केला. 1997 च्या सुमारास डीव्हीडी आली आणि मालिकेचे संपूर्ण वर्ष एका पेटीत मिळू लागले.

कामगाराचा वाटा काय? घरगुती व्हिडिओचे सूत्र 1980 च्या दशकात ठरले तेव्हा धंदा नवा आहे, खर्च जास्त आहे, असे मालकांनी सांगितले. धंदा भरभराटला, सूत्र तेच राहिले. 2007–08 मध्ये अमेरिकन लेखकांनी 100 दिवस संप केला, तेव्हा एका तबकडीमागे लेखकाला साधारण चार सेंट मिळतात ही गोष्ट जगजाहीर झाली. 2023 मध्ये ते पुन्हा 148 दिवस संपावर होते. या वेळी भांडण इंटरनेटवरून दाखवल्या जाणाऱ्या मालिकांच्या मोबदल्याचे होते. यंत्र बदलते, भांडण तेच राहते.

हक्कांच्या गुंत्याचा फटका प्रेक्षकालाही बसतो. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही 1978 ते 1982 मधली मालिका एका रेडिओ-केंद्रावर आहे. साहजिकच तिच्यात गाणी भरपूर. 2007 साली पहिले वर्ष तबकडीवर आले, तेव्हा गाण्यांचे हक्क परवडेनात म्हणून अनेक ठिकाणी दुसरेच संगीत घातले होते. 2014 च्या आवृत्तीत पुष्कळशी मूळ गाणी परत आली. ज्यांनी मूळ प्रक्षेपण घरच्या फितीवर नोंदवले होते, त्यांच्याकडे ती आधीपासूनच होती.

आज अनेकजण विचारतात, इंटरनेटवर सारे मिळते, मग फळी कशाला अडवायची? जून 2020 मध्ये ‘फॉल्टी टॉवर्स’चा एक भाग ब्रिटनमधल्या एका सेवेवरून काढला गेला आणि काही दिवसांनी परत आला. त्याच महिन्यात अमेरिकेत ‘30 रॉक’चे चार भाग आणि ‘कम्युनिटी’चा एक भाग काढला गेला. त्यांतल्या काही दृश्यांवरचा आक्षेप रास्तही असेल. त्याची चर्चा झालीच पाहिजे. पण चर्चा करायला वस्तू समोर हवी. 2023 साली जुन्या ब्रिटिश मालिका काढणारी नेटवर्क ही तबकड्यांची कंपनी बंद पडली, तेव्हा तिच्या कित्येक पेट्यांचा नवा पुरवठा थांबला. ज्यांच्या घरी पेटी होती त्यांचे काही अडले नाही.

संग्राहकाने काय करावे

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी.

नुसती तबकडी उपयोगाची नाही. ती चालवणारे यंत्र हवे. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई हिने 2016 साली उत्पादन थांबवले. म्हणून चालू स्थितीतला व्हीसीआर मोडीत काढू नये. परदेशी तबकडी घेताना तिच्यावरचा विभागाचा आकडा पाहावा : अमेरिकेचा 1, युरोपचा 2, भारताचा 5. आकडा जुळला नाही तर साधे यंत्र ती नाकारते.

आपल्या पावसाळ्यात फितीला बुरशी येते. कॅसेट उभी, कोरड्या जागी, ओल शोषणाऱ्या पुडीसह ठेवावी. बुरशी दिसत असेल तर ती यंत्रात घालू नये; फीत आणि यंत्र दोन्ही बिघडतात. घरी नोंदवलेल्या व्हीएचएस कॅसेटच्या मागच्या कडेची प्लॅस्टिकची लहान खूण तोडून टाकावी. मग तिच्यावर चुकून दुसरे काही नोंदवले जात नाही. बीबीसीच्या फितींना अशी खूण असती तर या लेखाला विषयच उरला नसता! कॅसेटवर कार्यक्रमाचे नाव, तारीख आणि केंद्र लिहावे. मधल्या जाहिराती आणि बातम्या कापू नयेत. पन्नास वर्षांनी त्यांनाच अधिक मोल येते.

बाजारात मिळणारी तबकडी विकतच घ्यावी. तिच्या प्रती काढून विकणे म्हणजे संग्रह नव्हे. त्या चार सेंटांवरही डल्ला मारणे आहे. जुन्या बाजारातून घेतलेल्या तबकडीने लेखकाला काही मिळत नाही, हे खरे. पण बाजारातून उठलेली वस्तू तेवढ्याने जिवंत राहते.

आणि एक विनंती. 1980 च्या दशकात आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शनचे कार्यक्रम घरी नोंदवले असतील. लग्नाची, मुंजीची म्हणून माळ्यावर पडलेल्या कॅसेटींत, सोहळा संपल्यावर उरलेल्या फितीवर, एखादी विनोदी मालिका किंवा नाटकाचा अंक असू शकेल. दिवाळीच्या साफसफाईत ती पिशवी भंगारवाल्याच्या काट्यावर जाण्यापूर्वी प्रत्येक कॅसेट एकदा लावून पाहावी, आणि काय आहे ते एका वहीत लिहून काढावे. वही घेऊन चारचौघे एकत्र आले तर कोणाकडे काय आहे याची यादी होईल. संघटनेचे काम आम्ही नेहमी यादीपासूनच सुरू करतो.